विझल्या वातीचा वास

कोजागिरीच्या पूजेला शेवंती हवी म्हणून मी देवीदासकाकांना फोन केला होता. वलगाव रस्त्याला त्यांचा फुलांचा मळा आहे. आमच्या गल्लीतल्या सगळ्या घटांना, सत्यनारायणांना, मंगळागौरींना त्यांच्याच टोपलीतून फुलं येतात. फुलं देऊन ते जिन्याकडे वळलेही होते. पण कोजागिरीच्या रात्री दारी आलेल्या माणसाला दूध न देता कसं पाठवायचं? मी त्यांना गच्चीवर बसवलं.

दूध आटत होतं. माझा कुंदन पळीनं ढवळत होता. माझ्या नणंदेची मुलगी प्रतीक्षा मात्र ओढणीनं नाक दाबून पार पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसली होती. आटत्या दुधाच्या वासानं तिला मळमळतं, अगदी लहानपणापासून.

"पाय ना आई," कुंदन म्हणाला, "सारं गाव ज्या वासासाठी जागते, त्यालेच हे पोट्टी नाक दाबते."

"तू तं बोलूच नको," प्रतीक्षा फणकारली. "पेट्रोल पंपावर टाकीचं झाकन उघडलं का नाक घेऊन पुढं होते. बाटलीत भरून देलं तं उशाशी घेऊन झोपशीन."

शेजारचा जीवन हसला. "मले डांबराच्या गोळ्याइचा वास आवडते बा. आजीच्या पेटीत डोकं घालून बसो मी."

"म्हनूनच तुह्या आंगाले झुरळ लागत नाही," प्रतीक्षा टाकीपासून म्हणाली.

मीही सांगून टाकलं की मला केवडा सोसत नाही. हरतालिकेला वाहते, पण श्वास रोखून. पोरांना त्याचं फार हसू आलं. देवी रागावत नाही का, म्हणाली. मी म्हटलं, तिनंच दिलेलं नाक आहे, ती कशाला रागावेल.

देवीदासकाका हातातल्या पाण्याच्या पेल्यात बघत होते.

"वासाची आवड जन्मासंग येते, माय," ते म्हणाले. "आन मरनासंग जातेच, असं नाही."

कुंदनची पळी थांबली. "कोनाची नाही गेली, काका?"

"मूर्तिजापूरचा मनोज. आमच्या फूलबाजारातला. त्यानं सोता मले सांगतलं, बाजारात, टोपल्यावर बसून. तुमाले भेव वाटलं तं मंधात सांगजा. मी थांबीन."

कोणी थांबा म्हटलं नाही. काकांनी सांगितलं ते असं.

*

तीन वर्षांमागचं नवरात्र. पाचवी माळ, ललिता पंचमी, शुक्रवार.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मनोजच्या खुशीला ताप चढला. पहिलीत जाणारी पोर. मनोजच्या बायकोनं, शकुननं, घट बसवले आणि घटापाशी अखंड दिवा लावला. दिवा त्यांच्या घरी दरवर्षीच असे. पण या वर्षीचा नवसाचा होता. शकुननं ओल्या केसांनी, ओल्या लुगड्यानं देवीपुढे पदर पसरला. नऊ दिवस ही ज्योत राखीन, माझी लेक राख.

तिसऱ्या माळेला पोरीच्या अंगावर लाल ठिपके उठले. डेंग्यू निघाला. अकोल्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. मनोज आणि शकुन दोघंही तिकडे. घरात दुसरं माणूस नाही. दिवा सांभाळायला शेजारच्या सत्यभामाबाईंना बसवलं. साठीची बाई, स्वतः कित्येक नवरात्रं केलेली. तिच्याइतकं भरवशाचं कोणी नव्हतं.

त्या शुक्रवारी दिवेलागणीला सत्यभामाबाईंचा फोन आला.

"तेल सरत आलं बाप्पू. आन आजची रात मी नाही बसत. तू ये."

"काऊन, काकू? तब्येत बरी नाही का?"

"तू ये," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

इकडे पोरीच्या प्लेटलेट उतरतच होत्या. डॉक्टर म्हणाले होते, आजची रात्र महत्त्वाची. मनोजचा पाय निघेना. शकुननंच त्याला वार्डाबाहेर आणलं.

"तुमी जा. मी आहो इथं. आपन दोघं तिच्या तोंडाकडं पाहात बसलो तं ताप नाही उतरत. दिवा पाहा."

"दिव्यापायी लेकीले सोडून जाऊ?"

"लेकीपायीच जा म्हन्तो मी." शकुन असं बोलायची, 'म्हन्तो', त्यांच्या गावाकडची लकब. "आता नीट आयका. वातीवर काजळीचं फूल धरलं असन. ते झाडा लागते, नाही तं ज्योत दबते. पन झाडायच्या आंधी त्याच दिव्यावरून एक लहान दिवा लावून बाजूले ठेवा. जोडदिवा. झाडता झाडता मोठा गेला, तं जोडदिव्यावरून लावता येते. ज्योत तेच राह्यते. समजलं?"

"समजलं."

"आन जोडदिवा फुकायचा नाही. त्यातलं तेल सरलं का तो आपला आपन शांत होते. तोंडानं फुकायचा नाही. आयकलं का?"

"आयकलं ना."

पण बाईमाणसानं देवघरातलं सांगितलेलं पुरुष ऐकतो कसा? मान हलवून. तसंच त्यानं ऐकलं.

दवाखान्यासमोरच्या दुकानातून तिळाच्या तेलाचा डबा घेतला, गाडीच्या हँडलला अडकवला आणि तो मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागला. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. हायवेवर ट्रक. दोन्ही बाजूंना बोंडावर आलेली कपाशी, काळीभोर. बोरगाव मंजू गेलं. मग गाड्या विरळ झाल्या.

काटेपूर्णेच्या पुलावर त्याला वास आला.

नुकत्याच विझलेल्या वातीचा वास. सगळ्यांना माहीत असलेला. जरा तेलकट, जरा जळका, घशाला लागणारा.

त्याला वाटलं तेल सांडलं. गाडी न थांबवता डब्याला हात लावून पाहिला. झाकण घट्ट. कच्च्या तेलाला असा वास येतही नाही. पुढे कुठं कोणी धूर केला असेल म्हणावं, तर वारा समोरून तोंडावर येत होता. समोरचा वास तोंडावर यायला हवा.

हा मानेच्या मागून येत होता.

गाडीला मागचं बघायला आरसा असतो. त्यानं आरशात पाहिलं नाही.

*

"काऊन नाही पायलं?" जीवननं विचारलं.

"कारन तो वास कोनाचा, हे त्याले माहीत होतं," काका म्हणाले. "दूध उतू जाईन रे, कुंदन. हलव."

*

मनोजला एक आत्या होती, पंचफुला. काकांनीही तिला पाहिलेलं. हार गुंफण्यात तिचा हात धरणारं मूर्तिजापुरात कोणी नव्हतं. पण माळ्याच्या घरची लेक आणि फुलांचा वास तिला सोसायचा नाही. मोगरा आला की कपाळ धरायची. गजरा करायचा तर तोंड भिंतीकडे फिरवून करायची. झेंडूची टोपली खोलीत ठेवली तर रात्री उठून अंगणात नेऊन ठेवायची.

तिला आवडायचा एकच वास. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावलं, घरातले लोक उठून गेले, की ही दोन बोटांनी वात चिमटायची. फुंकायची नाही. चिमटायची. आणि त्या धुरावर वाकून डोळे मिटून श्वास ओढायची. पोर असताना मार खाल्ला. लग्न झालं, सासरी तसंच. सासू म्हणाली, ही माझ्या घरातला दिवा घालवते. वर्षाच्या आत तिला माहेरी आणून सोडलं. नवरा पुन्हा न्यायला आला नाही. सारा जन्म भावाच्या घरी, एका वासापायी.

बिचारी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण दिव्याजवळ तिला कोणी जाऊ द्यायचं नाही.

खुशी चालायला लागली त्या वर्षी, पोळ्याच्या सुमारास, आत्या गेली. शेवटी पाणीही घशाखाली उतरत नव्हतं. एकच मागायची. "एक वात लावा रे. आन चिमटा. माह्या नाकापाशी."

आता मरत्या माणसाच्या खोलीत दिवा कोण मालवणार? मनोजच्या आईनं काडीपेटी उचलून कमरेला खोचली. मनोज दारात उभा होता. आत्या एकदा त्याच्याकडे बघून म्हणाली, "मनोज, तू तरी." तो खाली मान घालून बाहेर गेला. परत आला तेव्हा आत्या गेली होती. नाकपुड्या तशाच फुगलेल्या. श्वास ओढायला घेतला आणि काही मिळालं नाही, अशा.

तिची खाट काढून टाकली. खोली धुतली, चुना दिला. पुढे मनोजची आईही गेली. मग शकुननं त्या खोलीत देव मांडले, कारण घरात तीच खोली थंड होती.

घट तिथंच बसले होते. अखंड दिवा तिथंच होता.

*

मनोज घरी पोचला तेव्हा सत्यभामाबाई स्वतःच्या ओट्यावर बसलेली. मनोजच्या घराचं दार सताड उघडं.

"काकू, तुमी आत नाही?"

"दारातून नजर ठेवून राह्यली मी." तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. "बाप्पू, खिडकी लावलेली आहे. पंखा बंद आहे. तरी दिवा वाकून राह्यला."

"म्हन्जे?"

"ज्योत सरळ नाही राह्यत. एकाच अंगाले जाते. कोनी वढल्यावानी."

"कोनीकडं?"

तिनं हातानं दाखवलं. ज्या कोपऱ्यात आत्याची खाट होती, तिकडे.

"मी देवीचा जप सोडला नाही," ती म्हणाली. "पन बसवत नाही रे. तू पोरीचा बाप आहेस, तुले बसा लागते." आणि आत जाऊन तिनं कडी लावून घेतली.

खोलीत झिरोचा लाल बल्ब. घटावर पाच माळा. भोवती धान उगवून आलेलं, पिवळं, बोटभर. शेजारी पितळेचा दिवा. सहाव्या माळेसाठी आणलेली झेंडूची टोपली कोपऱ्यात ठेवलेली.

ज्योत सरळ होती.

मनोजनं नमस्कार केला. तेल घातलं. वातीवर काजळीचं चांगलं सुपारीएवढं फूल धरलं होतं. ज्योत त्याखाली दबून लाल झाली होती. शकुननं सांगितलं तसं त्यानं केलं. पणतीत तेल आणि एक वात घेतली, मोठ्या दिव्यावर पेटवली, बाजूला ठेवली. मग काडीनं काजळी झाडली. ज्योत हलली, बारीक झाली, पुन्हा वर आली. पिवळी, स्वच्छ. त्याला हायसं वाटलं. म्हणजे एवढंच होतं, काजळी होती, सत्यभामाकाकू उगाच भ्याली.

आणि त्यानं सहज खाली वाकून जोडदिवा फुंकला.

फुंकल्यावर त्याला आठवलं.

पणतीतून धुराची रेघ निघाली. धूर वर जातो. ही वीतभर वर गेली आणि थांबली. मग आडवी झाली. संथ, सरळ, दोरा ओवावा तशी… कोपऱ्याकडे.

कोपऱ्यात टोपलीशिवाय काही नव्हतं.

आणि आवाज आला. श्वास ओढल्याचा. लांब.

*

प्रतीक्षा टाकीपासून उठून माझ्याजवळ येऊन बसली. दुधाचा वास तिला आता येत नव्हता, की येऊन कळत नव्हता.

"थांबू का?" काका म्हणाले.

ती नाही म्हणाली, पण माझा हात धरला.

*

धूर संपला. तसा मोठा दिवा वाकला.

सत्यभामाबाई म्हणाली होती तसाच. ज्योत कोपऱ्याच्या अंगाला झुकली, लांब झाली, बुडाशी निळी पडली. मनोजनं दोन्ही हातांचा आडोसा केला. हाताला वारा लागत नव्हता. ज्योत तरी जात होती.

फोन वाजला. शकुन.

"हिरड्यातून रक्त येऊन राह्यलं," ती म्हणाली. ती रडत नव्हती, म्हणून मनोज जास्त भ्याला. "डॉक्टर आत आहे. मले बाहीर काढलं. दिवा आहे ना?"

मनोजनं ज्योतीकडे पाहिलं. तांदळाएवढी.

"आहे," तो म्हणाला.

"राखा," ती म्हणाली.

त्यानं फोन ठेवला. देवीच्या पाटाखाली फुलवातींचा डबा होता. शकुननं श्रावणभर बसून केलेल्या. त्यानं एक काढली, तेलात बुडवली, पणतीत ठेवली, काडी ओढून पेटवली आणि फुंकली. घटापुढे, नवसाच्या दिव्यासमोर, पोर दवाखान्यात असताना.

धूर निघाला. आडवा झाला. कोपऱ्यात गेला.

ज्योत सरळ झाली.

धूर संपला. ज्योत वाकली.

त्यानं दुसरी वात लावली. फुंकली. तिसरी लावली. रात्र अशी चालली. एक वात जळायची, फुंकायची, श्वास ओढल्याचा आवाज यायचा. तेवढा वेळ दिवा सरळ. मग पुन्हा. तो कोपऱ्याकडे पाहत नव्हता. फक्त हाताकडे, डब्याकडे. घशात जळकी चव. डोळ्यांतून पाणी.

आवाज जवळ येत होता.

आधी कोपऱ्यातून. मग टोपलीच्या अलीकडून. मग…

त्यानं डब्यात हात घातला. बोटं पत्र्याला लागली.

डबा रिकामा होता.

ज्योत वाकली. वाकली ती वरच येईना. पिवळेपणा गेला. निळा ठिपका राहिला. फोन पुन्हा वाजायला लागला. त्यानं उचलला नाही. काय सांगणार होता?

त्याच वेळी त्याला एक गोष्ट उमगली. इतक्या वाती जाळल्या, पण एकही आत्याला दिली नव्हती. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे भाकर फेकावी, तशा फेकल्या होत्या. तोंड फिरवून. आणि फुंकून. तिनं फुंकलेली कधी मागितली नव्हती. तिनं चिमटलेली मागितली होती. नाकापाशी.

खुशीची उशी दाराजवळच्या अंथरुणावर पडली होती. त्यानं उशीची शिवण दातानं तोडली, कापूस ओढला, मांडीवर वळून वात केली. जाड, वेडीवाकडी. पणतीत तेल भरलं.

आता कोपऱ्यात जायचं. म्हणजे दिव्याकडे पाठ करायची.

मनोज काकांना म्हणाला, तेवढं अंतर मी कसं गेलो, मला माहीत नाही. दिव्याकडे पाठ केली तेव्हा असं वाटलं, पोरीकडेच पाठ केली.

तो गेला. आधी झेंडूची टोपली उचलली. भिंतीकडची फुलं काळी पडली होती. टोपली दाराबाहेर ठेवली. मग आत्याच्या खाटेचं उशाकडचं टोक जिथं असायचं तिथं बसला. पणती उंच धरली. मरत्या माणसाच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरतात, तेवढी उंच.

काडी ओढली.

"आत्या," तो म्हणाला. "आत्या, मी आलो."

वात जळली. चांगली जळू दिली.

पाठीमागच्या दिव्यात जो काही उजेड उरला होता, त्यानं समोरच्या भिंतीवर त्याची सावली पडली होती. त्याचीच सावली. त्याचंच डोकं, त्याचेच खांदे.

मनोज ताठ बसला होता.

सावली वाकली.

पणतीवर. हळूच. डोळे मिटून वाकावं तशी.

तो हलला नाही. ओरडला नाही. त्याच्या मानेवर गार काही टेकलं होतं… त्यानं दोन बोटं ज्योतीत घातली. चिमटली. बोटं भाजली. धरून ठेवली.

धूर निघाला. या वेळी आडवा गेला नाही. सरळ वर, त्याच्या तोंडासमोरून.

आणि श्वास ओढला गेला. अगदी कानापाशी. लांब. आणखी लांब. सगळा जन्म जेवढा ओढायचा राहिला होता तेवढा.

श्वास आत गेला.

बाहेर आला नाही.

…

मनोज किती वेळ तसा बसला, कोण जाणे. भिंतीवरची सावली आता त्याच्यासारखी ताठ होती. त्यानं हात हलवला. तिनं हात हलवला. मग त्याच्या ध्यानात आलं की सावली दिसते आहे, चांगली काळी, ठसठशीत.

तो वळला.

दिवा उभा होता. पिवळा. न हलता. घटाच्या धानाची पानं त्यात चमकत होती.

*

"म्हन्जे वाचली का खुशी?" कुंदननं विचारलं. दूध कधीच आटून तळाला लागलं होतं. कोणाचं लक्ष नव्हतं.

"वाचली ना. आता चौथीत आहे. पहाटे फोन आला शकुनचा. मनोजनं उचलला."

काकांनी पेला खाली ठेवला. चंद्र टाकीच्या मागे गेला होता आणि त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"शकुन म्हने, रक्त थांबलं. ताप उतरला. पोरगी पानी मांगून राह्यली. मनोज रडाले लागला. मंग शकुन म्हने, आयका, एक इचारू का? तुमी रातच्याले इथं आले होते का? तो म्हने, नाही बा, मी तं दिव्यापासून हाललो नाही. मंग कोनी आलं होतं का, तुमी पाठवलेलं? नाही, कोनालेच नाही पाठवलं. काऊन?"

खाली रस्त्यावरून एक गाडी गेली.

"नर्स आली होती रक्त घ्याले. तिनं चादर सरकवली आन शकुनले इचारलं, बाई, हे कोनं लावलं? वार्डात काजळ नाही. दिवा नाही. काडी ओढू देत नाही तिथं, ऑक्सिजन असते. शकुन तं दाराशी बसून होती, तिच्यावरून कोनी गेलं नाही."

"काय लावलं होतं?" प्रतीक्षाचा आवाज आला.

"पोरीच्या तळपायाले काजळाचं बोट. दृष्ट लागू नये म्हनून घरची म्हातारी बाई लावते ना, तसं. रेघा उमटल्या होत्या बोटाच्या."

प्रतीक्षानं माझा हात सोडला नव्हता.

"शकुननं त्याले हात लावून पायलं," देवीदासकाका म्हणाले. "अजून कोमट होतं."